मॉर्मन लग्न: मरेपर्यंत नाही, मेल्यावर पण! (आणि वर सवत असेल तर?)

लेहायचा_सदू

नमस्कार मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतोय. सहा वर्षं झाली युटामधे आहे, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला लेहाय म्हणून गाव आहे तिथे. आयटीवाले मराठी बरेच झालेत आता इकडे. पण आजूबाजूला सगळे मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक. (त्यांना हा शब्द आता नको असतो, २०१८ मधे त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की चर्चचं पूर्ण नाव घ्या, पण ते नाव इतकं लांबलचक आहे की मी आपला मॉर्मनच लिहिणारे, राग मानू नये.)

तर ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न होतं. लग्न सकाळी टेंपलमधे, तिथे बाहेरच्यांना प्रवेश नाही, आम्हाला बोलावणं संध्याकाळच्या रिसेप्शनचं. ते चर्चच्या हॉलमधे, वर बास्केटबॉलची रिंग आणि तिला फुलांच्या माळा गुंडाळलेल्या. दारू नाही, चहा नाही, कॉफी नाही, लिंबू सरबत आणि केक. माझ्या टेबलावर ऐंशीच्या पुढचे एक आजोबा आणि आजी. गप्पा चालल्या होत्या, आजोबा अगदी सहज म्हणाले, ही माझी दुसरी, पहिली वर गेलीये, तिकडे आम्ही तिघं एकत्र असणार. आजी केक खात होत्या, त्यांनी मान पण वर केली नाही.

माझी आई तेव्हा इथे आलेली होती. घरी येऊन तिला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे वर पण सवत?"

तेव्हापासून वाचतोय. थोडक्यात सांगतो, चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं. यांच्याकडे लग्न दोन प्रकारचं. एक साधं, सरकारी कागदावरचं, ते मरणाबरोबर संपतं. दुसरं टेंपलमधलं, त्याला सीलिंग म्हणतात, ते 'या काळासाठी आणि अनंतकाळासाठी'. खोलीत मधे वेदी असते, तिच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून नवरानवरी, आणि समोरासमोरच्या भिंतींवर मोठे आरसे, म्हणजे आपलीच प्रतिबिंबं लांब लांब जात राहतात. कल्पना सुंदर आहे हे मान्य करायलाच पाहिजे.

आणि मेल्यावर स्वर्ग एक नाही, तीन. सेलेस्टियल, टेरेस्ट्रियल, टेलेस्टियल. सूर्य, चंद्र, तारे अशी त्यांची उपमा, चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथला १८३२ मधे ओहायोत दृष्टांत झाला त्यातली. नरकात जवळपास कोणीच जात नाही, अगदी तिसऱ्या वर्गाच्या डब्याचं वैभव सुद्धा आकलनापलीकडचं असं त्यांच्या धर्मपुस्तकातच म्हटलंय. ऐकायला किती उदार! पण खोच पुढे आहे. सेलेस्टियलमधे पण परत तीन पायऱ्या आणि सगळ्यात वरच्या पायरीवर सीलिंग झालेल्यांनाच प्रवेश. नवराबायको म्हणून राहणं, पुढे मुलं होणं, स्वतः देवासारखं होणं, हे सगळं तिथेच. बाकीचे चांगले लोक सुखात असणार पण सुटे सुटे, आणि १८४३ च्या दस्तऐवजात तर स्पष्ट लिहिलंय की असे लोक देवदूत होऊन वरच्यांची सेवा करतील.

आपल्याकडे म्हणतात लग्नगाठी स्वर्गात बांधल्या जातात. यांचं उलटं, गाठ इथे बांधायची आणि वापरायची स्वर्गात, आणि गाठ मारायचा दोरा फक्त एका ऑफिसात मिळतो.

माझा आक्षेप इथेच आहे. साधा ख्रिश्चन माणूस, साधा हिंदू माणूस, कोणीही घ्या, त्याला मनातून वाटतंच की आपली माणसं पलीकडे भेटतील. त्याला कोणी पावती मागत नाही. हे चर्च आधी सांगतं की नाही, तुमचं लग्न मरणाला तुटणार आणि मुलं पण तुमची राहणार नाहीत, आणि मग सांगतं घाबरू नका, उपाय आहे आमच्याकडे. रोग आणि औषध एकाच दुकानात. त्या उपायासाठी टेंपल रेकमेंड नावाचा पास लागतो, त्यासाठी बिशपपुढे मुलाखत, मग त्याच्या वरच्या माणसापुढे मुलाखत, उत्पन्नाचा दहावा हिस्सा भरता का, चहा कॉफी दारू सोडलीये का, वगैरे. पास दर दोन वर्षांनी नवा करायचा.

तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला_पाखंडी

छान लिहिलंय पण सदूभाऊ, आपली वटपौर्णिमा काय वेगळी आहे हो? सात जन्म हाच नवरा. तो सात जन्म काय करतो याचा हिशोब कोण ठेवतंय. पुरुष कुठल्या झाडाला दोरा गुंडाळतो सांगा बरं. मॉर्मनांवर हसायच्या आधी आरसा बघा, त्यांच्या खोलीत तर दोन आहेत!

लेहायचा_सदू

@पेठेतला_पाखंडी, मान्य, म्हणूनच हसत नाहीये. फरक एवढाच की माझ्या आईने वडाला दोरा नाही गुंडाळला तर वडाच्या झाडाकडे तिची फाईल नसते. माझी आत्या चाळीस वर्षं वटपौर्णिमा करत नाही, आणि काका गेले तेव्हा कोणी तिला येऊन म्हटलं नाही की आता ते तुझे नाहीत.

ऑग्डेनची_वहिनी

मी पण युटामधेच, तेरा वर्षं. धागा वाचून जरा वाईट वाटलं. गेल्या वर्षी आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे आमच्या घरी शेजारच्या वॉर्डातल्या (वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक चर्चमंडळी) बायकांनी जेवण पोचवलं. शाकाहारी करायचं शिकून पोचवलं! फ्युनरल पोटॅटोज म्हणून एक चीज बटाट्याचा प्रकार असतो, नावावर जाऊ नका, कोणाकडे मयत झालं की तोच नेतात, तोही आला. (ह्यांना वाटलं काही तरी संकेत आहे.) शेजारच्या काकूंचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी गेला. ती बाई त्या एका विश्वासावर उभी आहे की तो आमच्याशी सील आहे, आमचाच आहे. तिला जाऊन सांगणार का की पुरावा दाखव?

लेहायचा_सदू

वहिनी, नाही सांगणार. त्या काकूंशी माझं भांडण नाहीच आहे. पण त्याच काकूंच्या दुसऱ्या एखाद्या मुलाने चर्च सोडलं असतं तर? इथे ऑफिसात असे बरेच जण आहेत ज्यांनी सोडलंय, ते सांगतात की घरी आई रडते ती "तू दारू पितोस" म्हणून नाही, "वर आपल्या कुटुंबात एक खुर्ची रिकामी राहणार" म्हणून. गेलेल्या मुलाचा दिलासा आणि जिवंत मुलाची भीती, दोन्ही एकाच वाक्यातून येतात.

आणि लग्नाचंच घ्या. आईबाप मेंबर नसतील, किंवा असून पास नसेल, तर मुलीचं सीलिंग त्यांना बघता येत नाही, बाहेर हिरवळीवर बसायचं. यावर साधा उपाय होता की आधी सगळ्यांसमोर साधं लग्न लावा, मग आत जा. पण अमेरिकेत तसं केलं तर सीलिंगसाठी एक वर्ष थांबायला लावायचे, हा नियम २०१९ च्या मे महिन्यात काढला. दुसऱ्या कित्येक देशांत जिथे कायद्यानेच आधी सरकारी लग्न लागतं तिथे ही वर्षाची अट आधीपासूनच नव्हती. म्हणजे देवाची अट होती की ऑफिसची?

केळीच्या_बागेतला

वसईचा कॅथलिक बोलतोय. आमच्यात लग्नाचं वचन मरेपर्यंतचंच, आणि त्याला कारण बायबलमधेच आहे. मत्तयच्या बाविसाव्या अध्यायात सदूकी लोक (पुनरुत्थान न मानणारा ज्यूंमधला एक पंथ) येशूला अडकवायला एक कोडं घालतात, एक बाई, तिचा नवरा मेला म्हणून नियमाप्रमाणे त्याच्या भावाशी लग्न, तो मेला, पुढचा भाऊ, असे सातही भाऊ मेले, शेवटी बाई मेली. आता पुनरुत्थानात ती कोणाची बायको? येशू म्हणतो तिकडे लग्न करत नाहीत आणि लावून देत नाहीत, देवदूतांसारखे असतात. विषय संपला.

माझी आजी तरुणपणी विधवा झाली आणि परत लग्न केलं तिने, दोन्ही आजोबांसाठी मिस्सा लावायची. कोणाची कोण हा प्रश्न आमच्या घरात कधी आलाच नाही.

निशिगंधा

@केळीच्या_बागेतला, त्यांच्याकडे त्या ओळीला उत्तर तयार आहे. ते म्हणतात बघा, तिकडे लग्न *लावत* नाहीत, म्हणून तर इथेच लावून जायचं! आणि जे न लावता मेले त्यांच्यासाठी जिवंत माणसं टेंपलमधे बदली म्हणून उभी राहतात. वकिलाला पण मान खाली घालायला लावेल असा युक्तिवाद आहे.

पण मला सदूंच्या आईंच्या प्रश्नावर बोलायचंय, कारण तोच खरा प्रश्न आहे आणि सगळे त्याला वळसा घालून चाललेत. अनंतकाळच्या लग्नाचा जो मूळ दस्तऐवज आहे ना, डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स या त्यांच्या धर्मग्रंथाचं १३२ वं प्रकरण, १२ जुलै १८४३ चं, तोच बहुपत्नीत्वाचा पण दस्तऐवज आहे. वेगळे नाहीत ते. एकाच कागदावर आधी सांगितलंय की लग्न अनंतकाळ टिकेल आणि पुढे सांगितलंय की पुरुषाने आणखी कुमारिका केल्या तरी तो व्यभिचार नाही. आणि त्यात जोसेफची बायको एमा हिचं नाव घेऊन धमकी आहे, की हे स्वीकारलं नाहीस तर तुझा नाश होईल. विचार करा, नवरा घरी येऊन सांगतो की देवाने तुझ्या नावाने निरोप पाठवलाय, आणि निरोपात हे!

हे मी विरोधकांचं वाचून बोलत नाहीये. चर्चने स्वतः २०१४ मधे निबंध प्रसिद्ध केला त्यात मान्य केलंय, जोसेफच्या बायकांचा अंदाज तीस ते चाळीस, त्यात हेलन किंबल ही पंधरा पूर्ण व्हायला काही महिने असलेली मुलगी, आणि काही तर ज्यांचे नवरे जिवंत होते अशा बायका. झायना हंटिंग्टनचं उदाहरण घ्या. लग्न हेन्री जेकब्जशी. त्याच वर्षी सीलिंग जोसेफशी. जोसेफला १८४४ मधे जमावाने तुरुंगात घुसून मारलं, त्यानंतर ती जोसेफनंतरचा नेता ब्रिगम यंग याची बायको झाली पण फक्त 'या काळापुरती', अनंतकाळासाठी जोसेफचीच. आणि हेन्री? तो जिवंत होता, त्या सोहळ्याला साक्षीदार म्हणून उभा होता. सदूकींनी सात भावांचं कोडं घातलं होतं, ते गंमत म्हणून. इथे खरंच जगून दाखवलं.

वऱ्हाडी_ठेचा

काहून हो, त्या हेन्रीचं कोनी इचारलं का नाही मंग? बाप्पा बाप्पा.

काळा_कोट

थोडं कायद्याचं. अमेरिकेने १८६२ पासून बहुपत्नीत्वावर कायदे केले, आणि १८७९ मधे रेनॉल्ड्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की श्रद्धा काय ठेवायची ती ठेवा, कृती कायद्याच्या कक्षेत येते. हा रेनॉल्ड्स ब्रिगम यंगचा सेक्रेटरी. गंमत म्हणजे त्या निकालात उदाहरण आहे ते नवऱ्याच्या चितेवर जाळून घेणाऱ्या बायकोचं, की तिची श्रद्धा आहे म्हणून सरकारने बघत बसायचं का. आपली सती पार तिथे पोचली होती.

आणि आपल्याकडची जोडकथा ऐका. मुंबई प्रांतात १९४६ मधे हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला बंदी करणारा कायदा आला. त्याला आव्हान दिलं गेलं, नरसू आप्पा माळी खटला, १९५१, मुंबई हायकोर्टात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर. बाजू काय मांडली, तर हिंदूला परलोकासाठी मुलगा हवा, पहिलीला नाही झाला तर दुसरी करणं हा धर्माचा भाग आहे. छागलांचं उत्तर थोडक्यात, दत्तक घ्या की मग. त्यामुळे वर जायला जास्तीची बायको लागते हा युक्तिवाद युटाचा एकट्याचा नाही, आपल्या कोर्टात पण झालाय.

पेठेतला_पाखंडी

@काळा_कोट वा वा वा. हे माहीत नव्हतं.

पण मॉर्मनांनी बहुपत्नीत्व कधीच सोडलं ना? १८९० ला?

निशिगंधा

जमिनीवर सोडलं. १८९० मधे अध्यक्ष वुड्रफ यांनी जाहीरनामा काढला, तरी चोरून चालू होतं म्हणून १९०४ ला दुसरा काढावा लागला. पण *वर* कुठे सोडलंय? आजचा नियम बघा. बायको वारली तर पुरुष दुसरीशी सील होऊ शकतो, पहिलीचं सीलिंग तसंच राहतं. म्हणजे वर दोन. बाईचा नवरा वारला तर ती जिवंत असेपर्यंत दुसऱ्याशी सील होऊ शकत नाही, पहिलं रद्द करून घ्यावं लागतं आणि ते पार वरच्या अध्यक्षमंडळाच्या सहीने. ती स्वतः मेल्यावर मात्र तिचे जेवढे नवरे झाले त्या सगळ्यांशी सील करता येते, मग तिने कोणाला निवडायचं ते तिकडे बघू. जिवंत बाईला मुभा नाही, मेलेलीला आहे!

नेल्सन यांची पहिली बायको २००५ मधे गेली, २००६ मधे दुसरं लग्न. त्यांच्या नंतर अध्यक्ष झालेले डॅलिन ओक्स, त्यांचंही तसंच, १९९८ आणि २०००. याच ओक्सनी २०१९ च्या ऑक्टोबरमधल्या अधिवेशनात एका बाईचं पत्र आल्याचं सांगितलं, ती एका विधुराशी लग्न करायचा विचार करत होती आणि तिने विचारलं होतं की वर मला माझं स्वतःचं घर असेल का, की नवरा आणि त्याच्या पहिल्या बायकोबरोबर राहावं लागेल? सभागृहात लोक हसले. ओक्सचं उत्तर, देवावर विश्वास ठेवा.

वेगळ्या चुलीचा प्रश्न होता हो तो. आपल्याकडची कुठलीही बाई हसली नसती.

ऑग्डेनची_वहिनी

निशिगंधा, ते भाषण मी पाहिलंय, आणि खरं सांगते तेव्हा मला पण हसू नव्हतं आलं. हे एक मी मान्य करते. पण त्यांच्या नव्या पिढीतल्या मुली यावर बोलतात आता, गप्प नाही बसत. आणि त्यांच्याकडे स्वर्गातली आई पण आहे बरं, देव एकटा नाहीये.

निशिगंधा

हो आहे, एलायझा स्नोच्या १८४५ च्या प्रसिद्ध कवितेत आहे ती. पण १९९१ मधे त्यांच्या हिंकली नावाच्या नेत्याने सांगितलं की तिची प्रार्थना करणं योग्य नाही. आई आहे पण तिच्याशी बोलायचं नाही.

आणि सीलिंग कोणाला मिळालं नाही ते पण बघा. जेन मॅनिंग जेम्स, काळी बाई, जोसेफच्या घरात काम केलेली, पुढे युटापर्यंत गेलेली. म्हातारपणी वर्षानुवर्षं अर्ज करत राहिली की मला जोसेफच्या कुटुंबात मुलगी म्हणून सील करा. १८९४ मधे त्यांनी केलं, पण मुलगी म्हणून नाही, नोकर म्हणून. अनंतकाळची नोकर. तेही तिला आत येऊ न देता, तिच्या जागी दुसऱ्या बाईला उभं करून. काळ्या लोकांना टेंपलचे हे विधी खुले झाले १९७८ मधे.

वऱ्हाडी_ठेचा

हे वाचून चहा थंड झाला माझा.

केळीच्या_बागेतला

बदली माणूस उभा करून मेलेल्यांचा बाप्तिस्मा हा प्रकार पण जरा सांगा कोणी तरी. गांधीजींचा केला होता म्हणे?

लेहायचा_सदू

हो, २०१२ मधे बातमी होती तशी. त्याच वर्षी अ‍ॅन फ्रँकचं नाव पण निघालं, खरं तर ज्यू संघटनांबरोबर १९९५ मधेच करार झालेला की हत्याकांडात मेलेल्यांची नावं घ्यायची नाहीत. त्यांचं म्हणणं, आम्ही फक्त दार उघडतो, आत्म्याने आत यायचं की नाही ते त्याने ठरवावं. बरं, आपण पण पितरांना पिंड देतो, त्यांना न विचारता देतो. पण आपल्याच पितरांना देतो! शेजाऱ्याच्या आजोबांना आपल्या गोत्रात ओढत नाही.

या कामासाठी त्यांनी जगभरच्या वंशावळी जमवल्यात, सॉल्ट लेकजवळ डोंगर पोखरून ग्रॅनाइटमधे तिजोरी केलीये मायक्रोफिल्म ठेवायला. आणि हे ऐका, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या असतात ना, कोण कुठल्या गावचा, कोणाच्या अस्थी घेऊन आला, त्या वह्यांचं पण यांनी मायक्रोफिल्मिंग केलंय, त्यांच्या फॅमिलीसर्च साइटवर फुकट बघता येतं. काम म्हणून अफाट आहे, सलाम. हेतू बाजूला ठेवला तर.

पेठेतला_पाखंडी

म्हणजे आमचे खापरपणजोबा कधी तरी गंगेवर गेले असतील तर वर मॉर्मन होऊन बसलेले असायचे. शिवाय चहाविना.

बेंगळुरूचा_बाब्या

इकडे बेंगळुरूत पण टेंपल होतंय बरं का. २०१८ ला जाहीर झालं, २०२० च्या डिसेंबरमधे कामाचा नारळ फुटला (नारळ माझ्या पदरचा). भारतातलं पहिलं. माझ्या बिल्डिंगमधे एक तेलुगू कुटुंब आहे त्या चर्चचं, सीलिंगसाठी परदेशी जावं लागायचं, पैसे साठवत होते बिचारे. अनंतकाळासाठी व्हिसा आणि विमानाचं तिकीट.

सदूभाऊ, पैशाचं पण लिहा की. दहा टक्के कुठे जातात?

लेहायचा_सदू

चर्चची गुंतवणूक कंपनी आहे, २०२३ मधे अमेरिकेच्या शेअर नियामकाने चर्च आणि कंपनी दोघांना मिळून पन्नास लाख डॉलर दंड केला. कारण नावापुरत्या तेरा कंपन्या काढून गुंतवणूक किती आहे ते लपवलं होतं, २०१८ पर्यंत तो आकडा सुमारे ३२ अब्ज डॉलर झालेला. यावर वेगळा धागा होईल, इथे नको, नाही तर विषय तिकडेच जाईल.

ऑग्डेनची_वहिनी

सदू, सगळं वाचलं. एक विचारू? त्या केक खाणाऱ्या आजींना तू कधी विचारलंस का? आपण सगळे त्यांच्या वतीने चिडतोय पण त्यांचं काय म्हणणं आहे?

लेहायचा_सदू

वहिनी, विचारलं. म्हणजे विचारायचं ठरवलं नव्हतं, मागच्या महिन्यात दुकानात भेटल्या, पिशव्या गाडीपर्यंत नेऊन दिल्या, तेव्हा तोंडातून निघून गेलं, की तुम्हाला चालेल का हो तिघांचं एकत्र.

त्या म्हणाल्या, अरे ती आमच्याच वॉर्डातली होती, चांगली ओळख होती आमची. फार व्यवस्थित बाई. तिच्या डिनर रोल्सची कृती अजून मीच करते घरी, थँक्सगिव्हिंगला.

मी म्हटलं हो का.

तर डिकी लावता लावता म्हणाल्या, माझे जास्त हलके होतात. त्याला विचार, तो सांगणार नाही.